आक्काची नखं

आक्काच्या नखांबद्दल लिहायचं तर आधी कुकरबद्दल लिहावं लागतं, आणि कुकर म्हटलं की इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं. साधा घरगुती प्रेशर कुकर होता तो, मोठ्या कुटुंबाला लागतो तेवढा. सत्तरचं दशक संपता संपता बेळगावच्या ज्या इस्पितळात मी तंत्रज्ञ म्हणून लागले, तिथल्या प्रयोगशाळेत निर्जंतुक करायचं खरं यंत्र होतं, पण ते कायम दुरुस्तीला गेलेलं. त्याच्या रिकाम्या जागेवर आम्ही छत्र्या ठेवायचो. नळ्या, बाटल्या, प्लेटा, त्यात ओतायचा मीडिया म्हणजे जंतू वाढवायची खळ, सगळं त्या कुकरमध्ये शिजायचं आणि कुकर अण्णांच्या ताब्यात होता.

अण्णा म्हणजे आमचे अटेंडंट. खानापूरकडच्या एका खेड्यातले, घरची थोडी भातशेती, वय पन्नाशीच्या पुढचं. लोंढ्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीनं ते यायचे. गाडी लवकरची असल्यामुळे साडेसातलाच प्रयोगशाळेचं दार उघडायचे. मी दहाला पोचायची. मधल्या अडीच तासांत तिथं काय चालतं हे मी कधी बघितलं नाही. बघावं असंही वाटलं नाही.

मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आम्ही बौद्ध. मी शाळेत असतानाच आई गेली, मग काही वर्षांनी वडीलही. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही, बिड्या वळल्या, आणि मला आधी निपाणीत आणि मग कोल्हापुरात शिकवलं. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले आणि लगेच मांडीवर सूप घेऊन बसली, कारण संध्याकाळपर्यंत बिड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या.

ज्यांनी बिडी वळताना बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. टेंभुर्णीचं पान कोरडं असलं की मोडतं, म्हणून पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. ती कात्रीनं कापायची, तंबाखू भरायचा, गुंडाळायची, आणि शेवटी बिडीचं तोंड नखानं मुडपायचं. सगळी कामगिरी नखांची, आणि बोटं दिवसभर ओलसर. आक्काच्या उजव्या हाताची तीन नखं आधी कडेनं सुजली, मग त्यांचा रंग हिरवट-तपकिरी झाला. दाबलं की बुडातून पांढरं काहीतरी यायचं. गल्लीत सगळे त्याला नखुर्डं म्हणायचे आणि बोटाला लिंबू बसवायला सांगायचे. आक्कानं दोन वर्षं लिंबू बसवले.

नोकरी लागल्यावर मी तिला ओढून बेळगावला आणलं. आमच्या इस्पितळातल्या कातडीच्या डॉक्टरांनी बोटं उलटीसुलटी करून सांगितलं, हे यीस्ट आहे, ओल्या बोटात मुक्काम करणारं, आणि जांभळं औषध लिहून दिलं. औषध चांगलं होतं. पण आठ दिवसांत आक्काच्या बिड्यांवर जांभळे ठिपके पडायला लागले. कारखान्यातला चेकर ठिपका दिसला की बिडी छाटात टाकायचा, म्हणजे नापास. आक्कानं बाटली कोनाड्यात ठेवून दिली.

"औषध ब्येस हाय," ती मला म्हणाली, "खरं माझ्या बोटापरास बिडीच जास्त नटाय लागलीया."

मग डॉक्टरांनी निस्टॅटिनचं मलम दिलं. पिवळसर, डाग न पाडणारं. काम संपल्यावर हात कोरडे करून लावायचं. तीन आठवड्यांनी मी निपाणीला गेले तर आक्कानं दारातच बोटं पुढं केली.

"उतरायलंय गं. ठणका कमी हाय. हे बघ, दाबलं तरी काय येत न्हाय."

मला तेव्हा तेवढंच ऐकून परत यायला हवं होतं. पण मी शिकलेली होते. मी पिशवीतून निर्जंतुक काडी काढली आणि तिच्या नखाच्या बुडातून नमुना घेतला.

आमच्या सरांनी त्याच सुमारास नवीन खूळ घेतलं होतं. सर म्हणजे विभागप्रमुख, हुशार माणूस, पण बेळगावात अडकून पडलोय असं त्यांना कायम वाटायचं. परदेशी मासिकं आमच्याकडं सहा-सहा महिने उशिरा यायची. त्यातल्या एकात त्यांनी वाचलं की काही ठिकाणी यीस्ट आता औषधाला दाद देत नाही. ते यीस्ट कोणत्या औषधाला मरतं आणि कितीला मरतं, हे प्रयोगशाळेत तपासायचं. इथं कुणीच करत नाही, आपण करू, असं ठरलं. आपण म्हणजे मी.

आता ही तपासणी करायची कशी यावर दोन पुस्तकांचं एकमत नव्हतं. एकात लिहिलेलं, एक दिवसानं वाचा. दुसऱ्यात, दोन दिवसांनी. एकात यीस्ट थोडं लावा, दुसऱ्यात दाट लावा. मीडिया बदलला की उत्तर बदलायचं. सरांनी पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला विचारलं, उत्तर आलं नाही. औषधाची शुद्ध पूड द्या म्हणून कंपनीला तीन पत्रं घातली, त्यांनी मलमाच्या जाहिरातीचं कॅलेंडर पाठवलं. शेवटी मी निस्टॅटिनच्या गोळ्या आणून त्यांचं रंगीत कवच खरवडून काढायची आणि खलात कुटायची. ती पूड पाण्यात कालवून नळ्यांत भरायची, कापसाचा बोळा, वर तपकिरी कागद, कागदाला दोरा. संध्याकाळी रॅक फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी मीडिया वितळवून त्यात औषध मिसळायचं. पहिल्या प्लेटीत भरपूर, दुसरीत त्याच्या निम्मं, तिसरीत त्याच्याही निम्मं, अशी ओळ लावायची आणि प्रत्येक प्लेटीवर यीस्टचा ठिपका ठेवायचा. जिथं ठिपका वाढला नाही तिथं औषध जिंकलं.

हे औषध उष्णतेनं मरतं असं दोन्ही पुस्तकांत होतं. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं पटत होतं. म्हणून वितळलेल्या मीडियाची बाटली मी आधी गालाला लावून बघायची. गालाला सोसली तरच औषध घालायची. इतकी मी काटेकोर.

आणखी एक गोष्ट हवी होती ती म्हणजे ज्याला हे औषध नक्की लागू पडतं असं माहीत असलेलं यीस्ट. ते शेजारी लावायचं. ते मेलं तर तपासणी बरोबर, ते जगलं तर आपलंच काहीतरी चुकतंय. सरांनी ते मागवलं. पार्सल आलं ते आत काचेचा चुरा घेऊन. दुसऱ्यांदा मागवायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. सर म्हणाले, "त्याच्याशिवाय चालू ठेवा, मागाहून बघू." असं मागाहून बघायचं आमच्याकडं पुष्कळ साचलेलं होतं.

आक्काचं यीस्ट मी लावलं. दोन दिवसांनी झाकणं उचलली तर सगळ्या प्लेटांवर ताकाच्या थेंबासारखे पांढरे ठिपके. सगळ्यात जास्त औषधाच्या प्लेटीवरसुद्धा. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सर खूश झाले. खरंच खूश झाले, खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आले. तंबाखूच्या धुळीत राहून राहून हे यीस्ट निर्ढावलं असावं, असा त्यांनी तिथल्या तिथं सिद्धांत मांडला. आणखी नमुने आणा म्हणाले. मी निपाणीला गेले, आक्कानं गल्लीतल्या तिच्या बरोबरच्या दहा-बारा बाया गोळा केल्या, सगळ्यांची बोटं तशीच, आणि आक्काचं बघून बऱ्याचजणी तेच मलम लावणाऱ्या. बायांनी हसत हसत हात पुढं केले. त्यांच्या सगळ्यांच्या प्लेटांवरही तेच ताकाचे थेंब. एकही अपवाद नाही. याचा मला संशय यायला हवा होता. सरांना तो सिद्धांताचा पुरावा वाटला आणि त्यांनी हुबळीच्या परिषदेत वाचायचा निबंध लिहायला घेतला.

मी रजिस्टरमध्ये सगळ्यांपुढं इंग्रजी आर लिहिला. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही.

आता अण्णांच्या गाठीबद्दल सांगते, कारण लपवून उपयोग नाही. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं होतं की संध्याकाळी मी बांधून ठेवलेल्या नळ्यांवरचा दोरा सकाळी वेगळाच असतो. मी साधी गाठ मारायची. सकाळी तिथं वैरणीच्या पेंढीला मारतात तशी पिळाची गाठ असायची. बोळाही नवा. मी धुतलेल्या प्लेटा ओट्यावर पुन्हा ओल्या दिसायच्या. आणि अण्णा माझ्या हातचा चहा घ्यायचे नाहीत. मी कप पुढं केला की, "नको बाई, आत्ताच झाला" म्हणायचे.

मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत माझी एक मैत्रीण होती, अभ्यासाला मी तिच्या घरी जायची. मी हातात घेतलेली तिची पाटी तिची आई नळाखाली धरायची आणि मगच आत न्यायची. प्रेमळ बाई होती, मला लाडू द्यायची, पण पाटी धुवायची. तेव्हापासून माझ्या मागं कुणी काही पुन्हा धुतलं की मी तिथून नजर काढून घेते. तर बेळगावला, इस्पितळात, सायन्स शिकून पुन्हा तेच. माझा हात लागलेले बोळे म्हातारा बदलतोय, एवढं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारायचं म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकायचं, आणि ते मला नको होतं. मी रॅककडं बघणंच सोडून दिलं. गाठ दिसली की सोडायची, दोरा केरात टाकायचा, कामाला लागायचं.

एकदा तर त्यांनीच विचारलं होतं. संध्याकाळी मी निघाले होते आणि अण्णा रॅककडं बोट दाखवून म्हणाले, "बाई, हे समदं सकाळी घेऊ न्हवं मी?"

मला वाटलं, आता हे तोंडावरसुद्धा विचारायला लागले. "तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले आणि पर्स उचलून चालू लागले. मागं वळून बघितलंही नाही.

रिपोर्ट कातडीच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. औषध लागू पडत नसेल तर मलम चोळत बसण्यात अर्थ नाही, नखं काढून टाकू, खालचा भाग स्वच्छ होईल, असं त्यांचं मत पडलं. मी निपाणीला जाऊन गल्लीतल्या बायांना सांगितलं आणि मग आक्काला, मलम बंद कर.

"का गं? उतरायलंय की."

"तुला तसं वाटतंय. प्लेटीवर बघितलंय मी. तीनदा बघितलंय."

"माझ्या बोटापरास तुझ्या पलेटीला जास्त कळतंय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

ती उठून कोनाड्यापाशी गेली. मग मलमाची ट्यूब तिनं माझ्या हातात दिली. मी शिकलेली होते आणि मला शिकवायला तिनंच बोटं झिजवली होती, माझं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं.

बोटाच्या बुडाशी सुया टोचून बोटं बधिर केली आणि तीन नखं काढली. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. आक्का रडली नाही. फक्त नर्सला म्हणाली, "बघू तरी," आणि ट्रेमधल्या त्या तीन टरफलांकडं वाकून बघून घेतलं. बसस्टँडवर ती एवढंच म्हणाली की नखं पुन्हा येईपर्यंत डाव्या हातानं वळायला शिकते.

त्या शनिवारी मी निपाणीला गेले. आक्काच्या वेण्या शेजारणीनं घातल्या होत्या. रविवारी दिवसभर ती सूप घेऊन डाव्या हातानं वळत बसली आणि मी समोर बसून बघत होते. बिडी वळली जायची, पण तोंड मुडपताना सुटायची. ती पान ओलं करायची, पुन्हा गुंडाळायची. संध्याकाळपर्यंत सुपात जे जमलं त्यातलं बहुतेक छाटात जाणारं होतं हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं निघाले. खोलीवर जायचा कंटाळा आला, म्हणून स्टँडवरून थेट इस्पितळात गेले. आठ-सव्वाआठ झाले असतील. जिन्यातच कुकरची शिट्टी ऐकू आली.

प्रयोगशाळेत अण्णा स्टुलावर बसून शिट्ट्या मोजत होते. बोटांवर मोजायचे, मध्ये बोललं तर हात वर करायचे. शिट्टी झाली, त्यांनी स्टोव्ह बंद केला, वाफ जाऊ दिली, झाकण काढलं. आत जाळीच्या टोपलीत नळ्या उभ्या होत्या. तपकिरी कागद भिजून काळे पडलेले. कागदांवर पेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर माझं होतं. शनिवारी निघताना मी भरून ठेवलेलं निस्टॅटिन.

 मला राग आला, इतका की आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"अण्णा, माझ्या हाताचा इतका इटाळ वाटतोय तुमाला? बोळे बदलून भागंना, आता शिजवाय लागलाय?"

अण्णा चिमटा हातात धरून उभेच राहिले. मी काय म्हणतेय हे त्यांना खरंच कळत नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.

"इटाळ कसला, बाई?"

"मग हे काय हाय?"

"तुमी गोळी खलात कुटताय. खल कुणी उकडलाय? गोळीला दुकानदाराचा हात, तुमचा हात, वारा, धुरळा. ते तसंच मीडियात गेलं तर समद्या पलेटी बुरशीनं जात्यात." ते नळ्या एकेक करून बाहेर ठेवत बोलत होते. "एकदा गेल्त्या. माझ्या एका नळीपायी. सरांनी चार माणसांत झाडलं मला. तवापासनं मी सरांच्या बी नळ्या उकडतो, तुमच्या बी उकडतो. न सांगता उकडतो, भिजला बोळा-दोरा बदलतो, पलेटी बी पुन्यांदा धुतो. कुणाच्या कामात घाण न्हाय आली पायजे."

"कवापासनं?"

"तुमी गोळ्या कुटायला लागला तवापासनं. रोज. तुमाला इचारलं की मी. तुमी म्हणला, तुमचं तुमी बघा."

मी बाकावर बसले. नळ्यांतलं औषध नीट बघितलं. रंग गडद पिवळा झाला होता. रोज तसाच असायचा. मला वाटायचं गोळीच्या कवचाचा रंग उतरतोय.

"अण्णा," मी म्हणाले, "हे औषध उकडलं की मरतंय."

त्यांनी चिमटा खाली ठेवला.  मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग सांगायचं न्हाय व्हय, बाई?"

मी उठून खल कुकरशेजारी ठेवला. 

त्या दिवशी मी खल उकडून घेतला, नवीन गोळ्या आणल्या, कुटल्या आणि रॅक नजरेसमोर ठेवून बसले. संध्याकाळपर्यंत प्लेटा ओतल्या. एक प्लेट धुरळ्याच्या बुरशीनं गेली, म्हणजे अण्णांचं म्हणणंही खोटं नव्हतं. बाकीच्या दोन दिवसांनी उघडल्या. आक्काचं यीस्ट नुसत्या मीडियावर छान वाढलं होतं. औषध असलेल्या प्लेटांवर, अगदी कमीत कमी औषधाच्या प्लेटीवरही, काही नव्हतं. ठिपका ठेवलेली जागा शोधावी लागत होती. बाकीच्या बायांचंही तेच. सगळी नेहमीची यीस्ट, पहिल्या झटक्यात मरणारी. तंबाखूनं कुणी निर्ढावलं नव्हतं.

सरांना दाखवलं. ते प्लेटांकडं बघत राहिले, मग टेबलावरच्या टाईप केलेल्या निबंधाकडं. त्यांनी अण्णांना मेमो द्यायचं काढलं. मी म्हटलं, अण्णांची चूक नाही, त्यांना मी सांगायला हवं होतं. सर म्हणाले, "रोज नळ्या तुमच्या हातात येत होत्या. तुम्ही बघितलं कसं नाही?" मी काय सांगणार? मला वाटलं ते माझा स्पर्श धुतायत, म्हणून मी मान फिरवली, हे त्या माणसापुढं मला बोलवेना. लक्ष गेलं नाही, असं मी म्हणाले. त्यांनी ते तसंच घेतलं.

नवीन रिपोर्ट काढू या, असं मी म्हणाले तर सर वैतागले. "आता काय उपयोग? नखं तर गेली. आणि चोवीस तास ओल्यात हात असणाऱ्या बाईला मलमानं तरी किती दिवस बरं वाटलं असतं? पुन्हा झालंच असतं." असेल. कदाचित तेही खरं असेल. म्हणजे मला धड असंही म्हणता येत नाही की माझ्यामुळं झालं. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो. पण आक्का म्हणत होती की उतरतंय. दाबलं तरी काही येत नाही, असं ती म्हणत होती, आणि तेही मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

रजिस्टरमधले आर मी तांबड्या शाईनं खोडले आणि शेजारी सही केली. सरांनी ते बघितलं आणि रजिस्टर मिटलं.

पुढच्या शनिवारी निपाणीला जाऊन मी आक्काला सगळं सांगितलं. कुकर, गाठ, पाटी, सगळं. ती पानं कापत होती, डाव्या हातात कात्री. ऐकता ऐकता थांबली.

"त्याला इचारलं का न्हाईस?"

"सांगितलं की तुला आत्ता. मला वाटलं..."

"तुला वाटलं." तिनं कात्री खाली ठेवली. "माझ्याबी मागं लोकांनी लई धुतलंय. सगळी तशीच असत्यात असं मी धरून बसले असते तर तुला कालिजात कुणी नेलं असतं? रागापायी त्वां त्वांड उघडलं न्हाईस आनि नखं माझी गेली."

मी रडले. तिनं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ऊठ. त्या बायांनी बी तुझ्या सांगण्यावरनं मलम टाकलंय. एकेकीच्या दारात जा आनि सांग. चुकलं म्हणून सांग. मी येत न्हाय संगट."

मी गेले. दहा-बारा घरं, एकाच गल्लीतली. दारात उभं राहून सांगितलं की माझी तपासणी चुकली, मलम चालतं, पुन्हा सुरू करा. बहुतेकींनी आपापल्या बोटांकडं बघितलं आणि बरं म्हणाल्या. एकीनं विचारलं, मग तुझ्या आक्काचं गं? मी म्हटलं, तिचं राहिलं.

अण्णांशी माझं पुढं चांगलं जमलं. रॅकवर मी तांबडी चिठ्ठी लावायला लागले, तिला ते कधी हात लावायचे नाहीत. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही शेजारी काम केलं. त्या सगळ्या वर्षांत चहा मात्र त्यांनी माझ्या हातचा घेतला नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचा घेतात का, हे मी कधी लक्ष देऊन बघितलं नाही, आणि विचारलंही नाही. एवढं सगळं होऊनसुद्धा नाही विचारलं. ते वारले तेव्हा मी त्यांच्या गावी जाऊन आले.

आक्काची नखं आली. वर्षभर लागलं. दोन जाड, आडव्या वळ्या पडलेली, आणि अंगठ्याचं तर अर्ध्यातच थांबलं. पत्र्याचा एक तुकडा बोटाला बांधून ती बिडीचं तोंड मुडपायला शिकली आणि हात थकेपर्यंत त्यावरच वळत राहिली. तक्रार केली नाही, आणि मला माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. आता ती माझ्याकडंच असते. बारीक काही त्या बोटांना धरवत नाही. स्वयंपाकाला लसूण लागला की ती पाकळ्यांची वाटी माझ्यापुढं सरकवते आणि सोलून होईपर्यंत माझ्या हातांकडं बघत बसते.